गावात राहिल्याशिवाय आरोग्य संवर्धन शिकता येत नाही: नर्सिंग महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
आमच्या तालुक्यात विद्यार्थिनी पाठवणाऱ्या नर्सिंग महाविद्यालयांचे संचालक, प्राचार्य आणि कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवणारे सर्व शिक्षक यांना

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात आपल्यापैकी एका महाविद्यालयाचं पत्र आलं. यंदापासून विद्यार्थिनींचा गावातला मुक्काम बंद. त्या सकाळी कॉलेजच्या बसने येतील, अकरा ते तीन गावात थांबतील, सर्व्हे आणि हेल्थ टॉक उरकून परत जातील, तरी ग्रामस्थांनी सहकार्य करावे, असा मजकूर. चौकशी केली तेव्हा कळलं की बाकीच्या कॉलेजांनी हे आधीच सुरू केलंय, फक्त पत्र पाठवलं नव्हतं. त्यामुळे ज्यांनी पत्र पाठवण्याची रीत पाळली त्यांचे मी आभारच मानते. उत्तर मात्र सर्वांसमोर देते आहे. आमच्या गावात घडतंय तेच आणखी कितीतरी गावांत घडतंय, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

मी निवृत्त आरोग्य सहायिका आहे. एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका, म्हणून उपकेंद्रात लागले, पुढे एलएचव्ही, म्हणजे एएनएमच्या कामावर देखरेख करणारी आरोग्य सहायिका, झाले आणि नोकरीची बहुतेक वर्षं याच डोंगरपट्ट्यात काढली. पोस्टिंगला, म्हणजे गावातल्या प्रत्यक्ष शिक्षणाला, आलेल्या मुलींना गाव दाखवायचं, कुठल्या घरी कधी जायचं ते सांगायचं, संध्याकाळी त्यांच्या वह्या बघायच्या हे काम माझ्याकडे असायचं. निवृत्तीनंतरही ते मी आवडीने करत आले. आज याच गावात राहते. माझी सून, शेजारपाजारच्या लेकीसुना याच उपकेंद्रात तपासणीला जातात. तिथे उद्या जी सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी येईल ती आपल्याच कॉलेजातून शिकून येणार आहे, पाच-एक हजार लोकांची जबाबदारी घेणार आहे. ती काय शिकून येते याच्याशी माझा थेट संबंध आहे, म्हणून हे लिहिते.

आपल्या अभ्यासक्रमाबद्दल मला आदर आहे. एएनएमच्या पहिल्या वर्षाला आरोग्य संवर्धन हा स्वतंत्र विषय आहे. आहार, शरीर आणि स्वच्छता, परिसर स्वच्छता, मानसिक आरोग्य हे सगळं त्यात येतं. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला आणि बी.एस्सी.ला कम्युनिटी हेल्थ नर्सिंग, म्हणजे समाजात जाऊन करायची आरोग्यसेवा, हा विषय आहे. प्राथमिक आरोग्यसेवेवरची १९७८ची अल्मा-आटा परिषद आणि आरोग्य संवर्धनावरची १९८६ची ओटावा सनद मुलींना पाठ असते. ओटावा सनदेतली पाच कामं विचारली तर घडाघडा सांगतात: आरोग्याला पोषक धोरणं, आधार देणारं वातावरण, लोकांची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवेची दिशा बदलणं. पण आता ज्या पद्धतीनं त्यांना गावात आणलं जातंय, त्यात पाचांपैकी एकाच कामाला हात लागतो. तो म्हणजे व्यक्तीला माहिती सांगणं. तेही तीन वाजायच्या आत.

यातून काय होतं ते मी पाहिलं आहे. मागच्या हंगामात अंगणवाडीत संतुलित आहारावर हेल्थ टॉक होता. वेळ साडेअकराची. आशाताईंना आदल्या दिवशी निरोप होता, बायका गोळा करून ठेवा. त्या बिचाऱ्या घरोघर फिरल्या. खुरपणीचे दिवस होते. ज्या आल्या त्या अर्धा दिवस मजुरी बुडवून आल्या. मुलींनी सुंदर चार्ट केला होता. सफरचंद, मासे, पनीर, दुधाचा ग्लास, सगळं रंगवलेलं. एकीनं पाठ केलेलं न अडखळता म्हणून दाखवलं. बाकीच्या फोटो काढत होत्या, कारण जर्नलला फोटो चिकटवावे लागतात. संपल्यावर शिक्षिकेनं विचारलं, कुणाला काही शंका? मागे बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "सिस्टर, अंगावरून पांढरं जातंय दोन वर्षं. कंबर मोडून येते. पिशवी काढली तर जाईल का हो?" मुलीनं शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिका म्हणाल्या, आजचा विषय आहार आहे, तुम्ही पीएचसीला दाखवा. मग हजेरीच्या कागदावर सह्या-अंगठे झाले आणि बस निघाली.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला उत्तर माहीत असेल, पण बोलण्याची परवानगी नव्हती. शिक्षिकेलाही देत नाही. त्यांना त्या दिवशी अजून दोन गावं करायची होती. पण त्या बाईनं जे विचारलं ते या पट्ट्यात किती मोठं आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि पूर्वी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. पुढे २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. त्यात पांढरं जायला लागलं, कंबर धरली की बाई कुठल्यातरी दवाखान्यात जाते आणि पिशवी काढून येते. वय असतं पंचवीस-तीस. कच्च्या वयात पिशवी काढल्यावर पुढे हाडांचं काय होतं, शरीराचं काय होतं, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आणि साधा संसर्ग असेल तर तो गोळ्यांनी बरा होतो, नवऱ्यालाही औषध घ्यावं लागू शकतं, हेही सांगितलेलं नसतं. आरोग्य संवर्धनाचा याहून मोठा धडा आमच्या भागात दुसरा नाही. तो धडा स्वतःहून अंगणवाडीत येऊन बसला होता.

आता आमच्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली तक्रार वेळेची. आपल्या मुली येतात जानेवारी-फेब्रुवारीत. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची कोयती, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्याला जातात आणि परततात ते उन्हाळ्यात. जानेवारीत वस्तीवर गेलं तर दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं. फॅमिली फोल्डरमध्ये, म्हणजे एकेका कुटुंबाच्या नोंदवहीत, 'घर बंद' असं लिहिलं जातं आणि त्याऐवजी रस्त्यालगतचं दुसरं घर घेतलं जातं. म्हणजे ज्यांची बाळंतपणं कोपीत, ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, होतात, ज्यांच्या पोरांच्या लसी अर्ध्यावर राहतात, ज्या बायकांच्या पिशव्या गेल्या, तीच घरं आपल्या नोंदीत कधी येत नाहीत. असे फोल्डर कपाटभर साठले तरी त्यात आमचं गाव नाही.

दुसरी तक्रार, तीच तीच घरं. एसटी थांब्यापासून मारुतीच्या देवळापर्यंतच्या गल्लीत प्रत्येक कॉलेजची प्रत्येक बॅच सर्व्हे करते. घरात माणसं किती, उत्पन्न किती, संडास आहे का, पाळी शेवटची कधी आली, कुटुंबनियोजन केलं का. एक आजी मला म्हणाल्या, "बाई, माझं समदं लिहून नेलं चार बारीला. त्याचं पुढं काय झालं ते सांगाया कुणी आलं न्हाई." आजींचं म्हणणं रास्त आहे. नोंदी घेणाऱ्यानं त्या नोंदींतून काय निघालं ते नोंद देणाऱ्याला सांगायचं असतं, ही कम्युनिटीच्या कामाची पहिली शिस्त. ती पाळली जात नाही. माहिती गावाबाहेर जाते, जर्नलवर सही होते, परीक्षा संपल्यावर ते जर्नल रद्दीत जातं. गावाकडे एक पान राहत नाही.

तिसरी, आणि मला सर्वात जास्त लागणारी, ती मुक्कामाची. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मुक्काम म्हणजे फक्त खर्च आणि जोखीम असं आपल्या पत्रातून दिसतं.

मुली शाळेच्या खोल्यांत राहायच्या तेव्हाची गोष्ट. एक मुलगी, परभणीकडची, संध्याकाळी एका गरोदर बाईच्या घरी बसायला जायची. फॉर्म घेऊन नाही, नुसती. चुलीशी बसून भाकरीला पीठ मळून द्यायची. एक दिवस तिला चुलीवरच्या देवळीत लोहाच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या दिसल्या, एकही गोळी काढलेली नव्हती. अंगणवाडीत विचारलं असतं तर त्या बाईनं "घेते की" असंच सांगितलं असतं, आशाताईंनाही तेच सांगत होती. चुलीपाशी ती खरं बोलली. सकाळी चहाबरोबर उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, मग रानात काम होत नाही. शी काळी होते, ते बघून सासू म्हणाली पोरावर परिणाम होईल, बंद कर. रात्री ती मुलगी मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. वर्गात ती लोहाच्या गोळीचे मिलिग्रॅम, १८० दिवसांचा हिशेब, सगळं शिकून आली होती. गोळी चुलीवरच्या देवळीत का राहते, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन ती आणखी काही घरी गेली. सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच. मग मुलींनी चार्टचा नाद सोडला. संध्याकाळी बायका रानातून आल्यावर, स्वयंपाक उरकल्यावर देवळाच्या ओट्यावर बैठक घेतली आणि सासवांना आवर्जून बोलावलं. गोळी रात्री जेवणानंतर घ्या, पुढे-मागे तासभर चहा नको, जेवणात लिंबू पिळा, शी काळी होणं हे लोहामुळे आहे, घाबरू नका. एवढंच बोलणं झालं. सासवांनी प्रश्न विचारले, भरपूर विचारले. गोळ्या चालू केलेली बाईच उठून म्हणाली की रात्री घेतल्यापासून मळमळ नाही. त्यानंतर आमच्या आशाताईंची विचारण्याची पद्धतच बदलली. गोळ्या घेतल्या का, असं त्या विचारत नाहीत. कधी घेता, कशाबरोबर घेता, घरात कोण काय म्हणतं, असं विचारतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या पाहणीत हाच आकडा ४८ टक्के होता. गोळ्या वाटल्या जात असताना, हेल्थ टॉक होत असताना आकडा वर गेला. याला कारणं पुष्कळ आहेत, सगळी नर्सिंग कॉलेजांच्या हातातली नाहीत. पण गोळी घरापर्यंत जाते आणि पोटात का जात नाही, हे शोधायला शिकलेली सिस्टर तयार करणं हे नक्कीच आपल्या हातात आहे. आणि तो शोध अकरा ते तीनमध्ये लागत नाही, कारण त्या वेळी ती बाई रानात असते.

मशेरीचंही असंच. तंबाखूच्या दुष्परिणामांचं पोस्टर घेऊन मुली येतात, त्यावर तोंडाच्या कॅन्सरची चित्रं. बायका बघतात, हळहळतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तव्यावर मशेरी भाजतात. पहाटे त्यांच्या घरात असलेल्या मुलीलाच कळतं की सुरुवात दाढदुखीनं झाली होती. तालुक्याला जाऊन दाढ दाखवायची तर येण्याजाण्यात मजुरी जाते आणि वर डॉक्टरची फी. मशेरी लावली की ठणका थांबतो. मग सवय लागते, ती गरोदरपणातही सुटत नाही. इथं काम कुठे आहे? ग्रामीण रुग्णालयातले दंतवैद्य महिन्यातून एकदा उपकेंद्रावर यावेत म्हणून अर्ज करणं, ग्रामसभेत ठराव घेणं, सोडू पाहणाऱ्या बायकांचा एक गट बांधणं. सनदेतलं 'आरोग्यसेवेची दिशा बदलणं' म्हणजे आमच्या भाषेत हाच अर्ज आणि हाच पाठपुरावा. एखाद्या बॅचला असा अर्ज लिहायला लावलात तर ते वाक्य त्यांना जन्मात विसरता येणार नाही.

चौथी तक्रार आशाताई आणि अंगणवाडीताईंच्या वतीनं करते, त्यांना स्वतः करता येत नाही म्हणून. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पातळीवर गौरव केला. आपल्या पोस्टिंगमध्ये मात्र त्यांचं काम बायका गोळा करणं, सतरंजी घालणं आणि मुलींना घर दाखवणं एवढंच. नवजात बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी देणारी बाई आपल्या विद्यार्थिनींची शिक्षिका व्हायला हवी. बाळ ओलं ठेवू नका हे सासूला दुखवल्याशिवाय कसं सांगायचं, हे तिला जितकं येतं तितकं मला स्वतःला कधी आलं नाही. बाळाच्या त्या घरभेटींची पद्धत मुळात गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. ३९ गावांतल्या त्या कामामुळे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढे ती पद्धत देशभर गेली. ज्या बायका हे काम करतात त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

आणखी एक लहानशी पण टोचणारी गोष्ट. फोटो. बाळाला पाजत असलेल्या बाईचा, लुगड्याला ठिगळ असलेल्या म्हातारीचा फोटो न विचारता काढला जातो आणि जर्नलमध्ये, कॉलेजच्या भिंतीवर, मोबाइलच्या स्टेटसवर जातो. हे बंद व्हायला हवं.

आपली बाजूही मी ऐकली आहे. मुलींची सुरक्षितता ही आपली पहिली अडचण, आणि ती खरी आहे. पालक विश्वासानं मुली पाठवतात, काही बरं-वाईट झालं तर जबाबदारी आपली. मी स्वतः तरुण वयात एकटी उपकेंद्रात राहिले आहे. रात्री दार वाजलं की छातीत काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणूनच मुक्काम करा पण व्यवस्था करू नका, असं मी म्हणणार नाही. दुसरी अडचण शिक्षकांची; एका शिक्षिकेकडे मुली फार, त्यात हॉस्पिटलची पोस्टिंग, परीक्षा, तपासण्या. तिसरी अडचण, जी तोंडावर कुणी बोलत नाही पण कळते, ती खर्चाची. मुलींकडून फी घेतली जाते त्यात कम्युनिटी पोस्टिंगही येतं, एवढंच यावर म्हणते. फी भरणारे पालक आमच्यासारखेच आहेत. कुणी उचल घेऊन, कुणी शेळ्या विकून मुलीला नर्सिंगला घातलं आहे. आपल्या वर्गात ऊसतोड कामगारांच्या मुली बसतात. त्यांना गाव परकं नाही. बॅग टेक्निकमध्ये, म्हणजे घरभेटीत नर्सची पिशवी स्वच्छपणे वापरण्याच्या पद्धतीत, वर्तमानपत्राची घडी कशी घालायची यावर त्यांचे गुण जातात, आणि कोपीत वाढलेली ती मुलगी स्वतःच्या आईचं जगणं हा शिकण्याचा विषय आहे हे न कळताच पास होते, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. आपल्या महाराष्ट्रात जमलेलं आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले तेव्हा त्यांनी लोकांना आधी विचारलं की तुम्हाला काय हवं. लोकांनी दवाखाना मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितलं. मग कामाची सुरुवात तिथून झाली. हातपंप दलित वस्तीत बसले आणि पाण्यासाठी सगळा गाव तिथं यायला लागला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला एकत्र जमायच्या, आठवड्यात गावात काय घडलं ते सांगायच्या, त्यावरून पुढचं शिकायच्या. गावातून प्रश्न आणायचा, शिकायचं, परत गावात जाऊन करून बघायचं, अशी ती शाळा. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, पहिल्या वर्षी मुलं-मुली तिथं शिबिराला राहतात आणि पुढेही त्याच कुटुंबांकडे जात राहतात. डॉक्टर होणाऱ्यांना हे शक्य आहे. ज्यांची नोकरीच गावात होणार आहे त्या मुलींना याहून कमी का मिळावं?

आमच्या मागण्या अशा.

मुक्काम पुन्हा सुरू करा. एका बॅचनं एकाच गावात निदान सलग पंधरा दिवस राहावं, आणि काही महिन्यांनी तीच बॅच त्याच गावात पुन्हा यावी. आपण जे केलं त्याचं काय झालं हे पाहायला परत यावंच लागतं. पाच गावांत पाच हेल्थ टॉक नकोत. एका गावात एक प्रश्न हाती घ्यावा आणि तो कुठला, हे गावानं ठरवावं.

पोस्टिंगचा काळ बदला. ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळी घरं उघडी असतात. ज्यांना त्या काळात जमणार नाही त्यांनी जानेवारीत आपल्या मुलींना कारखान्याच्या तळावर, कोप्यांवर न्यावं. आमचीच माणसं तिथं भेटतील.

बैठका बायकांच्या सवडीनं, संध्याकाळी घ्या. कुणाची मजुरी बुडवून आरोग्य शिकवू नका.

सर्व्हेचा निकाल साध्या मराठीत दोन पानांत लिहून गाव सोडण्याआधी ग्रामसभेत किंवा निदान ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत वाचून दाखवावा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक उपकेंद्रात ठेवावी. पुढची बॅच ती वाचून मगच गावात उतरेल, म्हणजे त्याच आजींना पाचव्यांदा तेच विचारलं जाणार नाही. या समितीकडे वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित निधी येतो. तो कशावर खर्च व्हावा यासाठी मुलींच्या दोन पानांचा उपयोग होऊ शकतो, आणि सरपंचांशी पैशाबद्दल कसं बोलायचं हे मुलींनाही शिकता येईल.

आशाताई आणि अंगणवाडीताईंना मार्गदर्शक म्हणून रीतसर नेमा, दिवसाचं मानधन द्या आणि विद्यार्थिनींबद्दल त्यांचं मत लेखी घ्या. विद्यापीठाची परीक्षा आपल्या हातात नाही हे मला कळतं. अंतर्गत गुण आपल्या हातात आहेत. त्यातला काही भाग या मतावर ठेवा. चार्ट किती सुबक आहे यापेक्षा ती मुलगी किती ऐकून घेते यावर गुण द्या.

फोटो विचारून काढा. नको म्हटलं तर काढू नका, आणि बाळंतिणींचे, आजाऱ्यांचे तर कुठेच टाकू नका.

पांढरं जाणं, पाळी, पिशवी, दारू, नवऱ्याची मारहाण हे विषय निघाले तर आजचा विषय वेगळा आहे असं म्हणून थांबवू नका. उत्तर लगेच माहीत नसेल तर लिहून घ्या, रात्री वाचा, दुसऱ्या दिवशी सांगा. मुक्काम असेल तर दुसरा दिवस असतोच.

गावाकडून काय मिळेल तेही स्पष्ट सांगते, म्हणजे नुसत्या मागण्या झाल्या असं वाटणार नाही. सरपंच आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीशी बोलणं झालं आहे. शाळेच्या दोन खोल्या मिळतील. त्यांना लागून संडास-न्हाणीघर आहे, दाराला आतून कडी आहे, बाहेर दिवा ग्रामपंचायत बसवून देईल. बचत गटातल्या बायका रास्त दरात दोन वेळचं जेवण करतील. रात्री मुलींसोबत आपली एक शिक्षिका असावी, गावातल्या दोन बायका पाळीनं तिथं झोपतील, त्यांत मी आहेच. पोलीस पाटलांकडे मुलींची यादी राहील. याशिवाय आपल्याला आणखी काही हवं असेल तर सांगा, करू.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घेतला आहे. आपल्यापैकी प्रत्येक कॉलेजला ग्रामपंचायतीचं स्वतंत्र निमंत्रण जाईल. प्राचार्यांना येणं शक्य नसेल तर कम्युनिटीच्या शिक्षिकांना पाठवा, आणि सोबत दोन-चार विद्यार्थिनींनाही. ग्रामसभा सकाळी झेंडावंदनानंतर आहे. त्या दिवशी कुणी रानात जात नाही, बायका येतील. मुलींना गावात पाठवण्याच्या तारखा तिथंच ठरवू. दसऱ्यानंतर मुकादमांच्या गाड्या लागायला सुरुवात होते, त्यामुळे पहिली बॅच सप्टेंबरात यावी अशी आमची विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका